बंकटमामांच्या गाडीच्या अंगात आलं

बंकटमामा गाडी चालवत नाहीत, हाकतात. त्यांच्या तोंडी हाच शब्द असतो. चढ आला की ते "हं, चल माय" म्हणतात, आणि उतारावर जिभेने एक आवाज काढतात, मेंढरं आवरताना काढतात तसा. वस्तीवरून केजच्या कॉलेजला जाणाऱ्या आम्ही मुली मागे बसून त्या आवाजाची नक्कल करायचो. मामा आरशातून बघत म्हणायचे, "करा, करा. मेंढरंबी करायची नक्कल. पर त्यातलं एकबी इंग्रजीत नापास झालं न्हाई."

युसूफ वडगावच्या पुढे फाट्यावरून आत वळलं की आमची वस्ती. एसटी फाट्यापर्यंतच येते. फाट्यापासून आतला रस्ता दोन्ही बाजूंनी उसाने झाकलेला. त्या रस्त्याने मुलीने एकटीने जायचं नाही, असं कोणी कधी ठरवलं नव्हतं, पण दहावी झाली की मुली घरी राहायच्या. मामांची गाडी सुरू झाली तेव्हापासून त्या घरी राहीनात. घरचे म्हणायचे, "बंकटच्या गाडीत बसती ना, मग जाऊ द्या." आमच्या शिक्षणाला मिळालेली परवानगी एवढीच, आणि ती एका माणसाच्या नावावर होती.

मामा मेंढपाळांच्या घरातले. चराईची रानं एकेक करून उसाखाली गेली, तसा बापाचा कळप आटत गेला. उरलेली मेंढरं विकून मामांनी एक जुनी जीप आणली. त्यांना गाडी शिकवली आसाराम नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने. आसाराम आता नाही, पण त्याचा मंत्र मामांच्या पायात मुरलेला होता. "ओल्यात बिरेक दाबून धरायचा न्हाई. दाब, सोड. दाब, सोड. चाक फिरत राह्यलं पायजे. चाक थांबलं की गाडी तुझी न्हाई, मातीची." त्या मंत्रावर मामांनी कितीतरी पावसाळे काढले.

जीप थकली तेव्हा त्यांनी एक पांढरी, सात माणसांची, वापरलेली गाडी घेतली. विकणाऱ्याने दारं उघडझाप करून दाखवली आणि घाईघाईत सांगितलं, "एबीएस हाय, ट्रॅक्शन हाय, समदं हाय. घसरायचं कामच न्हाई." मामांनी मान डोलावली. ते आम्हाला नंतर म्हणाले, "मला वाटलं, गाडीचं कूळ सांगतोय." सारजामामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. चाक लिंबावरून गेलं आणि गाडी घरची झाली.

त्या वर्षी जानेवारीत अवकाळी भुरभुर लागली. ऊसतोड जोरात होती. रानातून निघणारे ट्रॅक्टर चाकांना काळी माती घेऊन डांबरावर येत आणि रस्ताभर ती सोडत जात. जोराचा पाऊस अशी माती धुऊन तरी नेतो. भुरभुर तिला नुसती भिजवते, आणि मग डांबरावर साबणाचा हात फिरवल्यासारखं होतं.

कॅनॉलच्या वळणावर उसाची एक ट्रॉली कलंडून उभी होती, अर्धा ऊस रस्त्यावर. मामांनी ब्रेक दाबला. आम्ही सगळ्या पुढे झुकलो. बोनेटखालून घर्रर्र असा आवाज आला, समोर एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मामांचा चेहरा मला आरशात दिसत होता. त्यावर आधी नवल उमटलं, मग भीती. त्यांनी ब्रेकवरून पाय काढला. पुन्हा दाबला, पुन्हा काढला. गाडी वळली नाही. सरळ गेली आणि रस्त्याकडेच्या चारीत उतरून बाभळीला टेकून थांबली.



"समद्या हायेत का गं?" मामांनी मागे न वळता विचारलं.

"मी हाय," उज्ज्वला म्हणाली. तिच्या कोपराला खरचटलं होतं. "पर माझा डबा गेला, मामा. आज मेथीची भाजी व्हती."

कोणाला फारसं लागलं नव्हतं. मामा खाली उतरले. ते आपल्या उजव्या पायाकडे असं बघत होते, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. ऊस गोळा करणारी माणसं धावत आली. काय झालं, काय झालं, असं सगळे विचारत होते. मामा म्हणाले,

"गाडीच्या अंगात आलं."

हा शब्द आमच्याआधी वस्तीवर पोचला. संध्याकाळपर्यंत पारावर त्याला पाय फुटले होते. "बंकट, कोन म्हनायची गाडीतली? येडाई का मरीआई?" "गाडीम्होरं परडी ठिव बे आता." "मंगळवारी गाडी घुमती म्हनं!" मामा हसले नाहीत. त्यांनी खरंच तसं अनुभवलं होतं. पायाखालचं पेडल धडधडत होतं, त्यांच्या पायाला उलट ढकलत होतं. जीपने एवढ्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. सारजामामींच्या अंगात नवरात्रात देवी येते. ते थरथरणं मामांनी जवळून पाहिलेलं. त्यांना दुसरा शब्द सुचलाच नाही.

पारावरचं हसणं परवडलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकिशनतात्या मामांच्या दारात आले. तात्या उज्ज्वलाचे वडील, वस्तीतले सगळ्यात मोठे बागायतदार. वस्ती त्यांच्या तोंडाकडे बघून चालते.

"बंकट, माझा तुझ्यावर राग न्हाई," तात्या म्हणाले. "पर पोरगी म्हंजी मेंढरू न्हाई, गेलं तर गेलं म्हनाया."

"तात्या," मामा म्हणाले, "गेलं तर गेलं, आसं मी मेंढरालाबी कधी म्हनलो न्हाई."

तात्यांनी शब्द मागे घेतला नाही. उज्ज्वला घरी राहिली. तिच्यामागे आम्हीही. परीक्षा मार्चमध्ये होती. आमच्यातल्या शिवकन्याच्या घरी तर त्याच आठवड्यात बघायला पाहुणे बोलावले. "नाहीतरी घरीच हाय," तिची आई म्हणाली. एवढ्या साध्या वाक्याने एखादं शिक्षण संपतं, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

ट्रॅक्टरने चारीतून ओढून काढलेली गाडी दारात उभी होती; मामांनी तिची किल्ली देव्हाऱ्यात देवीच्या टाकापुढे ठेवली आणि हात जोडले.

पुढचं आम्हाला सारजामामींनी पुष्कळदा सांगितलं आहे, दर वेळी मामांचा आवाज काढून. मामींना राग आला होता तो किल्ली ठेवली म्हणून नव्हे. अंगात येणं हा त्यांचा प्रांत. त्यात कोणी अर्धवट बोललेलं त्यांना चालत नाही.

"आवो, अंगात आलं म्हंता, मग ती काय बोलली?"

"कोन?"

"गाडी."

"घर्रर्र म्हनली."

"मंग इच्यारलं का, कोन हायेस माय, काय पायजे तुला?"

"सारजे, म्होरं ट्रॉली व्हती. इच्यारत कवा बसू?"

"बरं. अंगात आलेल्याचं काय करत्यात?"

मामा देव्हाऱ्याकडे बघायला लागले.

"पाय धरत्यात का न्हाई? आन तुमी काय केलं? पाय सोडला! इतकी वरसं बघताव माझ्याकडं, आन एवढंबी कळलं न्हाई." मग जरा थांबून, मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "पैल्यांदा माझ्या अंगात आलं तवा मीच लई भ्यालते. मला वाटलं, मरती मी. सासूबाईनं पाय धरले आन म्हनली, भिऊ नगं, ती मारायला येत न्हाई, संबाळायला येती. तुमची ती कशापायी आलती, ते इच्यारून तरी या की कुनाला."

मामींनी टाकापुढची किल्ली उचलली आणि मामांच्या हातात दिली. देवीपुढची वस्तू उचलायचा अधिकार त्या घरात त्यांचाच होता.

केजला लखनचं गॅरेज आहे. लखन तरुण आहे, बोलका आहे, आणि गाडीत दोष सापडला नाही तर हिरमुसतो. त्याने स्टेअरिंगखाली यंत्राची वायर जोडली, पडद्यावरचं वाचलं, चाकं फिरवून बघितली. मामी बाजूला पदर खोचून उभ्या होत्या.

"काय म्हनती?" त्यांनी विचारलं.

"मामी, गाडीला काय सुदीक झालं न्हाई. तिनं तिचं काम बरोबर केलं." लखन मामांकडे वळला. "मामा, ओल्यात बिरेक कसा मारायचा, तुमाला कुनी शिकवलं?"

"आसारामनं. दाब, सोड. दाब, सोड."

"मंग तुमच्या आसारामलाच बसवलाय की हिच्यात!"

लखनने जमिनीवर बसून, बोटाने तेलकट फरशीवर चार चाकं काढून सगळं सांगितलं. प्रत्येक चाकापाशी एक कान आहे. ते चाक किती वेगाने फिरतंय ते तो कान सारखा ऐकत असतो. ब्रेक दाबला आणि एखादं चाक एकदम थांबायला लागलं, म्हणजे आता ते फिरणार नाही, नुसतं घसरणार, तर बोनेटखालचं यंत्र त्याच चाकाचा ब्रेक जरा सोडतं. चाक फिरलं की पुन्हा धरतं. सोड, धर, सोड, धर. माणसाचा पाय एका सेकंदात हे दोनदा करील, फार तर तीनदा. यंत्र दहा-पंधरा वेळा करतं. विकणाऱ्याने सांगितलेलं एबीएस ते हेच, आणि पायाखाली जी धडधड लागते ती याचीच.

"तुमी काय केलं," लखन म्हणाला, "ती दाब-सोड करत व्हती, तवा तुमी वरून अजून दाब-सोड केली. दोघांनी मिळून बिरेकच मारला न्हाई."

मामी जोरात हसल्या. मामाही, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"मंग मी काय करायचं?"

"जोरात दाबायचा आन दाबूनच ठिवायचा. थरथरू द्या. तुमचं काम एकच, जिकडं जायचं तिकडं स्टेअरिंग वळवायचं. चाक थांबलेलं आसलं की ते वळत न्हाई, फिरतं आसलं की वळतं. ती चाक फिरतं ठिवती ती ह्याच्यासाठी, तुमाला वळता यावं म्हनून. लगीच थांबलच आसं न्हाई. कच्च्या मातीत कवा कवा उलट थोडं म्होरं जाऊन थांबती. पर वळती."

पिवळ्या दिव्याचंही त्याने सांगितलं. चिखलात गाडी काढताना एक चाक जागच्या जागी गरगर फिरतं. मग यंत्र त्या फिरणाऱ्या चाकाला धरतं आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो; ट्रॅक्शन म्हणतात ते हे. वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जायला लागला, तर एकाच बाजूच्या चाकाला हलका ब्रेक लावून गाडीचं तोंड पुन्हा रस्त्याकडे आणतं.

"म्हंजी बैलजोडी वळवताना एका बैलाचा कासरा वढतो तसं," मामा म्हणाले. "एक थांबतो, दुसरा चालतो, गाडी वळती."

"बैलाचं मला काय ठाव न्हाई मामा. आमच्याकडं म्हस व्हती." लखनने हात पुसले. "दिवा लुकलुकला म्हंजी ती कामाला लागली, भ्यायचं न्हाई. लागूनच राह्यला तर माज्याकडं आना. आन एक. हे म्होरचे टायर बघा, गुळगुळीत. पायातली चप्पल झिजल्यावर पाय किती शाना आसून काय उपेग?"

टायर बदलले. येताना गाडीत मामा म्हणाले, "आसाराम बघायला पायजे व्हता."

कळणं आणि पायाला वळण लागणं यांत मात्र अंतर होतं. भुरभुर अधूनमधून चालूच होती, बाजाराच्या मैदानात काळी माती लोण्यासारखी झाली होती. मामांनी गाडी तिथे नेली. वस्ती बघायला जमली, कारण एवढी फुकटची करमणूक कोण सोडणार. मामा वेग धरत, ब्रेक दाबत, पेडल थरथरे, आणि पाय आपोआप वर येई. पुन्हा तेच. पुन्हा तेच. ते स्वतःवर चिडायला लागले.

"मामा, फेविकॉल आनू का?" उज्ज्वला ओरडली. तात्यांनी तिच्याकडे डोळे वटारले, पण तेही तिथेच उभे होते, छत्री धरून.

शेवटी मामी शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. गाडीने वेग धरला, मामांनी ब्रेक दाबला, घर्रर्र आवाज झाला, आणि मामींनी हात लांब करून मामांच्या गुडघ्यावर ठेवला. जोर लावून नव्हे, नुसता ठेवला. "भिऊ नगा," त्या म्हणाल्या, "संबाळायला आलीया." पाय वर आला नाही. मामांनी स्टेअरिंग वळवलं, आणि गाडी थरथरत, चिखल उडवत, छत्रीवाल्या माणसांना वळसा घालून उभी राहिली. तात्यांच्या धोतरावर चिखलाची नक्षी उठली. मैदानात शिट्ट्या वाजल्या.

मला पुष्कळदा वाटतं, ते यंत्र ज्यांनी केलं त्यांनी आमचा रस्ता कधी पाहिला नसेल. कॅनॉलचं वळण, उसाच्या ट्रॉल्या, डांबरावर सांडलेली काळी माती, यातलं त्यांना काही माहीत नसणार. तरी कोणीतरी कुठेतरी बसून हे धरून चाललं होतं की एखाद्या ओल्या सकाळी एक माणूस घाबरेल, आणि त्याच्या गाडीत दुसऱ्यांची लेकरं असतील. त्या न पाहिलेल्या माणसांचे आणि गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या मामींचे आभार मी एकाच दमात मानते. एकाशिवाय दुसरं आमच्या उपयोगाचं नव्हतं.

मैदानातलं मात्र तात्यांना पुरलं नाही. "मैदानात पैलवान समदेच आसत्यात," ते म्हणाले आणि दुसऱ्या सकाळी स्वतः येऊन गाडीत मामांशेजारी बसले. "चल, केजला काम हाय माझं."

त्या सकाळची गोष्ट तात्या एका तऱ्हेने सांगतात, मामा दुसऱ्या. दोघांचं जुळतं ते इतकं. फाटा ओलांडून उतार लागला. उसाच्या दोन फडांमधल्या वाटेवरून मेंढरांचा कळप अचानक रस्त्यावर आला. वाटेने चाललेला परक्या मेंढपाळांचा, पुढे दोन कोकरं उड्या मारत. रस्ता ओला, त्यावर ट्रॅक्टरची माती. मामांनी ब्रेक दाबला. घर्रर्र झालं, दिवा लुकलुकला, गाडी थरथरायला लागली.

"सोड बे! सोड!" तात्या ओरडले. त्यांनीही कधीकाळी जीपच चालवली होती.

मामांनी पाय सोडला नाही. त्यांनी स्टेअरिंग डावीकडे घेतलं, जिथे रस्त्याकडेला मुरूम टाकलेला होता. गाडीचं तोंड वळलं. मागचा भाग बाहेर झुकला, आणि कोणी शेपटी धरून ओढावी तसा परत जागेवर आला. गाडी मुरमावर जाऊन उभी राहिली. मेंढरं दोन्ही बाजूंनी तिच्या अंगाला अंग घासत निघून गेली.

तात्या म्हणतात, आपण मुळीच घाबरलो नव्हतो. मामा म्हणतात, तात्यांनी त्यांचा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत वळ होते.

मागून आलेल्या मेंढपाळाने काचेशी वाकून हात जोडले. मामांनी त्याची विचारपूस केली, कुठून निघालात, चारा कुठे मिळतोय. कळप पार गेल्यावर तात्यांनी खिशातून मोबाइल काढला, घरी लावला आणि नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाले,

"ऐकती का, उद्यापासून उज्ज्वलाचा डबा येळेवर कर. उशीर झाला तर बंकट थांबत न्हाई."

मग मामांना म्हणाले, "चल आता. माझं केजला काय काम न्हाई, पर चहा पिऊ."

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला आली, तिच्यामागे तेजश्री, मग मी. शिवकन्या आली नव्हती. मामांनी गाडी तिच्या दारापुढे नेऊन उभी केली आणि हॉर्न वाजवला. तिची आई बाहेर आली. म्हणाली, पाहुणे यायचेत. मामा म्हणाले, "येऊ द्या की. पाहुन्यांना म्हनावं, पोरगी कॉलेजात गेलीया, चारला येती. बसा तवर." आई दारात उभी राहिली. तिने आमच्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं, मग आत वळून हाक मारली. शिवकन्या ओल्या केसांनी, हातात वही घेऊन, पायात नीट चप्पलही न घालता पळत आली आणि आम्ही सरकून तिला जागा केली.

मार्चमध्ये आम्ही सगळ्या परीक्षेला बसलो.